बर्फातल्या ताडाचा दाखला

इसवी सन ७५० मध्ये दमास्कसची उमय्या खिलाफत कोसळली. सत्तेवर आलेल्या अब्बासींनी उमय्या घराण्यातल्या पुरुषांना शोधून शोधून ठार केले. त्या कत्तलीतून विशीतला एक तरुण निसटला. खलिफा हिशामचा नातू अब्दुर्रहमान. तो फुरात नदी पोहून पार झाला, उत्तर आफ्रिकेत काही वर्षे लपतछपत भटकला आणि ७५५ मध्ये अंदलुसच्या, म्हणजे आजच्या स्पेनच्या किनाऱ्यावर उतरला. पुढच्याच वर्षी तो कुर्तुब्याचा अमीर झाला. इतिहास त्याला ‘अद-दाखिल’ या नावाने ओळखतो. दाखिल म्हणजे आत आलेला. आपल्या मराठीतले ‘दाखल’ आणि ‘दाखला’ हे शब्द याच अरबी धातूपासून आले आहेत.

कुर्तुब्याबाहेर त्याने एक बाग उभारली आणि तिला आजोबांच्या सीरियातल्या वाड्याचे नाव दिले, रुसाफा. त्या बागेत खजुराचे एक झाड होते. त्या झाडाला उद्देशून त्याने काही ओळी रचल्याचे अरबी ग्रंथकार सांगतात. तूही माझ्यासारखेच आपल्या मुलखापासून दूर पश्चिमेला येऊन पडले आहेस, असा त्यांचा आशय. सतराव्या शतकात मकर्रीने अंदलुसचा मोठा इतिहास लिहिला, त्यातही ही हकिकत आहे. आपल्याकडे ती मुख्यतः इक्बालमुळे पोहोचली. १९३५ च्या ‘बाल-ए-जिब्रील’ या संग्रहात त्याची या झाडावर एक कविता आहे आणि तिच्या शीर्षकातच अब्दुर्रहमानने लावलेले खजुराचे ‘पहिले’ झाड असा उल्लेख आहे.

हा ‘पहिले’ शब्द मला अनेक वर्षे अडवत आला. मी लहानपणापासून ऐकले की स्पेनमध्ये खजूर मुसलमानांनी नेला. वाझमध्ये ऐकले, उर्दू मासिकांत वाचले, अलीकडे मोबाईलवर रोज येते. ऐकायला बरे वाटते. पण इतिहास बरे वाटण्यासाठी वाचायचा नसतो. म्हणून या लेखात मी गरम मुलखातले हे झाड थंड मुलखात कसे गेले, कोणी नेले, कोणत्या नावाने नेले आणि तिथे ते कसे टिकले, हे जमेल तेवढे नीट मांडणार आहे.

पहिले झाड कोणाचे?

पहिली गोष्ट अशी की अब्दुर्रहमानचे झाड स्पेनमधले पहिले नव्हते. रोमन लेखक प्लिनी इसवी सनाच्या पहिल्या शतकात होऊन गेला. म्हणजे अब्दुर्रहमानच्या जवळजवळ सातशे वर्षे आधी. तो आपल्या ग्रंथात नोंदवतो की इटलीत खजुराची झाडे आहेत पण त्यांना फळ धरत नाही, स्पेनच्या किनाऱ्यावर फळ धरते पण त्याला गोडी येत नाही. झाड होते. पिकत नव्हते, एवढेच.

शिवाय खजुराखेरीज आणखी एक ताडवर्गीय झाड त्या भूमीत आधीपासूनच होते. कॅमेरॉप्स ह्युमिलिस नावाचा हा बुटका, झुडपासारखा वाढणारा, पंख्यासारख्या पानांचा पाम युरोपच्या मुख्य भूमीवर मूळचा असलेला एकमेव पाम आहे. तो कोणी नेला नाही. तो तिथलाच.

मग मुसलमानांनी काय केले? ज्या झाडाचे फळ गोड होत नव्हते त्याची शेती उभी केली. हे काम झाड आणून लावण्याहून फार मोठे आहे. अरबांत एक जुनी म्हण आहे की खजुराचे पाय पाण्यात आणि डोके आगीत हवे. स्पेनच्या आग्नेय कोपऱ्यात डोक्यावरची आग होती, पायाखालचे पाणी नव्हते. ते पाणी पाटांनी आणले गेले.

एल्चे : पाणी वाटणाऱ्यांची बाग

एल्चे हे गाव ३८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. आपले पुणे साडेअठरा अंशांवर येते, म्हणजे एल्चे त्याच्या दुपटीहून जास्त उत्तरेला. तिथे आज दोन लाखांच्या आसपास खजुराची झाडे आहेत आणि युरोपात अशी दुसरी बाग नाही. युनेस्कोने २००० साली तिला जागतिक वारसा ठरवले. हा मान एकेका झाडाला मिळालेला नाही, तो रचनेला मिळाला. विनालोपो नदीचे खारट पाणी मुख्य पाटाने आणायचे, ते वेळेच्या हिश्शांत वाटायचे, चौकोनी वाफ्यांच्या कडेने खजूर लावायचा आणि त्याच्या विरळ सावलीत डाळिंब, भाजी, गवत घ्यायचे. ही पद्धत अरबी काळात तिथे बसली. खारट पाणी सोसणारे झाड कडेला आणि त्याच्या आडोशाने नाजूक पीक मध्ये. ज्याने हे योजले त्याचे नाव कोणत्याही कवितेत नाही.

त्या काळातल्या शेतीशास्त्राची पुस्तके मात्र शिल्लक आहेत. अकराव्या शतकात तुलैतुलाच्या, म्हणजे टोलेडोच्या इब्न बस्सालने शेतीवर ग्रंथ लिहिला. बाराव्या शतकाच्या अखेरीस सेव्हिलच्या इब्न अल-अव्वामने ‘किताब अल-फिलाहा’ लिहिले. माती, खत, कलम, पाणी, रोग आणि शेकडो वनस्पती त्यात आहेत. १८०२ मध्ये माद्रिदमध्ये बांकेरी या पाद्र्याने त्याचे स्पॅनिश भाषांतर छापले. हकालपट्टी केलेल्यांचे पुस्तक त्यांच्या जागी राहणाऱ्यांना दोनशे वर्षांनी पुन्हा कामाचे वाटले.

कारण मध्ये पुष्कळ काही घडले होते. १२६५ मध्ये आरागॉनचा राजा जाउमे याने एल्चे घेतले. मुसलमानांना तटाबाहेर वस्ती करावी लागली. पुढे त्यांना बाप्तिस्मा घ्यायला लावला गेला आणि १६०९ पासून या ‘मोरिस्को’ लोकांना देशाबाहेर घालवण्यात आले. पाट राहिले, पाण्याच्या पाळ्या राहिल्या, खजूर राहिला. आज एल्चेमध्ये झाडाची कोवळी पाने बांधून, ऊन न लागू देता पांढरी ठेवतात आणि ईस्टरच्या आधीच्या रविवारी ती ख्रिस्ती मिरवणुकांत जातात. मुसलमानांनी बसवलेल्या बागेतून चर्चसाठी पाने निघतात. यात मला हळहळण्यासारखे काही दिसत नाही. झाड ज्याने पाणी दिले त्याचे होते, पुढेही ज्याने पाणी दिले त्याचे झाले.

थंडी की ओल?

एल्चेच्या पुढे उत्तरेला मात्र खजूर थांबतो. कारण समजून घ्यायचे तर ताडवर्गाची शरीररचना पाहावी लागते. आंबा किंवा वडाची एखादी फांदी मेली तरी दुसरी फुटते. ताड, माड, शिंदी, सुपारी, भेरली माड यांचा वाढणारा कोंब बहुधा एकच असतो, शेंड्याच्या गाभ्यात. तो कुजला की खोड कितीही जाड असो, झाड संपले. कोकणातल्या बागायतदाराला हे सांगायची गरज नाही. कोंब कुजलेला माड त्याने पाहिलेला असतो.

म्हणून थंड प्रदेशात पाम लावणाऱ्याला एकच प्रश्न सोडवायचा असतो. हिवाळ्यात तो कोंब जिवंत कसा ठेवायचा? इथे लोकांची समजूत चुकते. त्यांना वाटते की झाडाला बर्फ मारतो. पुष्कळदा बर्फ नव्हे, ओल मारते. गार पाणी गाभ्यात साचते, आठवडेच्या आठवडे सुकत नाही आणि मग कूज लागते.

याचे उत्तम उदाहरण अफगाणिस्तान, बलुचिस्तान आणि खैबर भागात मिळते. तिथे उघड्या खडकाळ उतारावर मझरी नावाचा निळसर-रुपेरी पाम रानात उगवतो. शास्त्रीय नाव नॅनोऱ्हॉप्स रिचियाना. विल्यम ग्रिफिथ हा वनस्पतिशास्त्रज्ञ पहिल्या अफगाण युद्धाच्या वेळी इंग्रज फौजेबरोबर गेला होता, त्याने हा पाम वर्णिला. तिथले लोक त्याच्या पानांच्या चटया, दोर, टोपल्या आणि चपला पिढ्यान्‌पिढ्या विणत आले आहेत. हा पाम शून्याखाली दहा-पंधरा अंशांची कोरडी थंडी सोसतो. तोच इंग्लंडच्या सौम्य पण पावसाळी हिवाळ्यात मान टाकतो.

उत्तरेकडच्या बागांनी सुरुवातीला सोपा मार्ग धरला. काचेचे छप्पर. इटलीत पादुआची वनस्पती बाग १५४५ ची. तिथे १५८५ मध्ये लावलेला कॅमेरॉप्स पाम आजही त्याच्यासाठी बांधलेल्या काचघरात उभा आहे. १७८६ मध्ये जर्मन कवी गटे तिथे आला. एकाच झाडावर साध्या पात्यापासून पूर्ण पंख्यापर्यंत पान टप्प्याटप्प्याने बदलत जाते, हे त्याने त्या पामवर पाहिले. वनस्पतींच्या रूपांतरावरच्या त्याच्या १७९० च्या निबंधामागे हे निरीक्षण होते. म्हणून त्या झाडाला ‘गटेचा पाम’ म्हणतात. पण काचघर म्हणजे पाहुणा दिवाणखान्यात बसवून ठेवण्यासारखे. उघड्या अंगणात, बर्फात, काचेशिवाय उभा राहील असा पाम युरोपला मिळाला तो चीनमधून.

चुसान बेटावरचे इरले

मध्य चीनच्या डोंगराळ भागात आणि जपानमध्ये एक उंच, एकखोडी पाम शतकानुशतके लावला जात होता. चिनी शेतकरी त्याच्या खोडाभोवतीचे तपकिरी तंतू सोलून दोर, केरसुण्या आणि पावसात पांघरायची इरली करत. आपल्याकडे भात लावणीला बाई जसे इरले घेते, तसेच. फक्त पानांऐवजी तंतूंचे.

जर्मन वैद्य एंगेलबर्ट केम्फरने १७१२ मध्ये छापलेल्या ग्रंथात जपानमधल्या या झाडाचा उल्लेख केला होता. १८३० मध्ये फिलिप फ्रान्झ फोन सीबोल्डमार्फत त्याचे बी हॉलंडला पोहोचले. पण गाजला तो स्कॉटिश माळी रॉबर्ट फॉर्च्यून. पहिल्या अफूच्या युद्धानंतर, १८४२ च्या तहाने चीनची बंदरे उघडली गेली आणि १८४३ मध्ये लंडनच्या बागायती संस्थेने त्याला तिकडे पाठवले. चुसान बेटावर त्याने हा पाम हिवाळ्यात उघड्यावर तगलेला पाहिला. १८४९ मध्ये त्याने पाठवलेली रोपे क्यू बागेत पोहोचली. १८५१ मध्ये एक रोप व्हिक्टोरिया राणीच्या ऑस्बोर्न वाड्यातल्या बागेतही लागले. त्याच वर्षांत फॉर्च्यून ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत चिनी वेषांतर करून चहाची रोपे आणि कारागीर हिमालयाच्या पायथ्याला आणत होता. ती हकिकत भारतात जास्त माहीत आहे, पामची कमी.

आता नावाचा घोळ पाहा. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ थुनबर्गने १७८४ मध्ये जपानमधल्या एका पामला ‘कॅमेरॉप्स एक्सेल्सा’ म्हटले होते. एक्सेल्सा म्हणजे उंच. पुढे सगळ्यांनी हे नाव चुसानच्या उंच पामला चिकटवले. पण थुनबर्गचे झाड दुसरेच होते. आज बंगल्यांच्या आणि कचेऱ्यांच्या कुंड्यांत दिसणारे, बोटभर जाड काठ्यांचे ऱ्हापिस. १८६० मध्ये हुकरने चुसानच्या पामला फॉर्च्यूनचे नाव दिले, वेंडलँडने त्याला ट्रॅकीकार्पस या नव्या गटात टाकले आणि ते ट्रॅकीकार्पस फॉर्च्युनाय झाले. तरी रोपवाटिकांच्या याद्यांत जुने चुकीचे नाव पुढची शंभर वर्षे छापले जात होते. आणि ‘उंच’ हे विशेषण आज कायद्याने त्या कुंडीतल्या झुडपाकडे आहे!

त्या पामचे तंतू पांघरून शेकडो वर्षे भातशेतात उभे राहणाऱ्या चिनी शेतकऱ्याचे नाव त्याला मिळाले नाही. ते मिळाले सतरा वर्षांपूर्वी तिथे उतरलेल्या पाहुण्याला. दाखला कोणाच्या नावाने निघतो, हे झाड ठरवत नाही.

ठाकिलचा डोंगर

या इतिहासात भारताचा खरा वाटा कुमाऊँमध्ये आहे. पिथौरागढजवळच्या ठाकिल डोंगरावर, दोन हजार मीटरच्या वर, ओक आणि देवदारासारख्या थंड हवेच्या झाडांच्या सोबतीने एक पाम रानात वाढतो. हिवाळ्यात त्याच्यावर बर्फ असतो. पुण्या-मुंबईच्या माणसाला सांगितले तर खरे वाटणार नाही.

१८४० च्या दशकात बंगालच्या फौजेतला एडवर्ड मॅडन हा अधिकारी कुमाऊँत वनस्पती पाहत हिंडला आणि त्याने या पामबद्दल लिहिले. पण मेघालयातल्या खासी डोंगरात आणि नेपाळात ट्रॅकीकार्पस मार्शियानस नावाचा वेगळा पाम आहे. बराच काळ कुमाऊँचे झाड त्याच्याच खात्यात जमा होते. इटलीच्या ओदोआर्दो बेक्कारीने १९०५ मध्ये ते स्वतंत्र असल्याचे मांडले, तेही भारतातून गेलेल्या बियांपासून इटलीत वाढवलेल्या झाडावरून. त्याने नाव दिले ट्रॅकीकार्पस ताकिल. इथे एक गोष्ट मनाला बरी वाटते. कोणा साहेबाच्या नावाऐवजी डोंगराचे नाव झाडाला मिळाले.

पण यानेही घोळ मिटला नाही. बेक्कारीनंतर कित्येक दशके रानातल्या या झाडाकडे फारसे कोणी फिरकले नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मार्टिन गिबन्स आणि टोबियास स्पॅनर हे दोन पामप्रेमी ठाकिलच्या शोधात गेले आणि १९९३ मध्ये त्यांनी आपला वृत्तांत छापला. मग युरोपात मागणी वाढली. बर्फात उगवणारा हिमालयी पाम कोणाला नको असेल? बाजारात ‘ताकिल’ नावाने रोपे आली आणि त्यांतली बरीचशी मोठी झाल्यावर साधा चिनी फॉर्च्युनाय निघाली. पाटी एक, झाड दुसरे.

याच जोडगोळीने एडिनबरोच्या हेन्री नोल्टी यांच्यासह १९९७ मध्ये दार्जिलिंगकडचा आणखी एक पाम, ट्रॅकीकार्पस लॅटिसेक्टस, वेगळा म्हणून नोंदवला. दार्जिलिंगच्या विंडामेअर हॉटेलच्या आवारात तो लोकांच्या डोळ्यांसमोरच उभा होता, म्हणून पामवाले त्याला ‘विंडामेअर पाम’ म्हणतात. रोज दिसणारी गोष्ट ओळखली गेलेलीच असते असे नाही.

पाटी न वाचता ओळखायचे कसे

माझी एक मावसबहीण लग्न होऊन इंग्लंडला गेली. घर घेतल्यावर तिने अंगणातल्या झाडाचा फोटो पाठवला आणि विचारले, “भाईजान, हा खजूरच आहे ना? रमजानला घरचा खजूर!” मी तिला उलट चार प्रश्न विचारले. तेच इथे देतो, कारण थंड मुलखात राहणाऱ्या आपल्या कोणाही माणसाला ते उपयोगी पडतील.

पहिला प्रश्न पानाचा. पान झावळीसारखे लांब, दोन्हीकडे पाती असलेले आहे की पंख्यासारखे? खजूर, शिंदी, माड यांचे पान झावळीचे. थंडीत टिकणारे बहुतेक पाम पंख्याच्या पानांचे. आणि पान यांपैकी कोणतेच नसून तलवारीच्या पात्यासारखे साधे असेल, वर खोडाला फांद्या फुटल्या असतील, तर तो पामच नव्हे. ती न्यूझीलंडची कॉर्डिलाइन. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचे आणि स्कॉटलंडमधल्या प्लॉक्टन गावचे ‘पाम’ पाहायला पर्यटक जातात, फोटो काढतात. ती झाडे कॉर्डिलाइनच आहेत.

दुसरा प्रश्न देठाचा. देठाच्या कडेला लांब तीक्ष्ण काटे आणि बुंध्यातून अनेक खोडे असतील तर भूमध्य समुद्राकाठचा कॅमेरॉप्स. आकड्यासारखे मोठे दात आणि पानांवरून लोंबणारे पांढरे धागे असतील तर बहुधा अमेरिकेतला वॉशिंग्टोनिया, ज्याला कडाक्याची ओली थंडी सोसत नाही. देठाच्या कडा फक्त बारीक खरखरीत असतील तर ट्रॅकीकार्पस.

तिसरा प्रश्न खोडाचा. गोधडी गुंडाळल्यासारखे तपकिरी तंतू असतील तर फॉर्च्युनाय असण्याची शक्यता जास्त. ताकिल ओळखायला पानाच्या बुडाकडे बघावे लागते. फॉर्च्युनायच्या नव्या पानांपाशी तंतूंची लांब, फितीसारखी शेपटी लोंबते. ताकिलमध्ये ती आखूड, त्रिकोणी असते. शिवाय देठ पानाला मिळतो तिथला लहानसा उंचवटा ताकिलमध्ये पिळल्यासारखा वाकडा असतो.

चौथा प्रश्न बियांचा. फॉर्च्युनाय आणि ताकिलचे बी मूत्रपिंडाच्या किंवा राजम्याच्या आकाराचे. खासी डोंगरातल्या मार्शियानसचे बी लांबट, कॉफीच्या दाण्यासारखे. मात्र फॉर्च्युनायमध्ये नर आणि मादी बहुधा वेगळी झाडे असतात, म्हणून फळ धरेलच असे नाही.

बहिणीचे झाड फॉर्च्युनाय निघाले. त्याच्या निळसर काळ्या फळांनी कोणाचा रोजा सुटणार नाही, पण झाड टिकेल. तिला मी पुढचेही सांगितले. नवीन रोप लावायचे तर हिवाळा सरल्यावर लावावे, म्हणजे पुढच्या थंडीआधी मुळे धरतात. पाण्याचा निचरा होईल अशी, थोडी उंच जागा बघावी. वाऱ्याने पाने फाटतात, म्हणून आडोसा हवा. कुंडीतले रोप जमिनीतल्या रोपाआधी मरते, कारण त्याची मुळे चारही बाजूंनी गारठतात. कडाक्याच्या दिवसांत बुंध्याशी पालापाचोळ्याचे जाड आच्छादन घालावे, पाने वर उचलून सैल बांधावीत आणि गाभ्यात पाणी शिरू नये अशी छत्री करावी. प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळू नये, आत दमटपणा राहतो. हिवाळा संपल्यावर मधले न उघडलेले पान हलक्या हाताने ओढून बघावे. घट्ट असेल तर ठीक. हातात आले तर कोंबाला कूज लागली आहे. तेव्हा पाणी बंद, गाभा कोरडा आणि बुरशीनाशक. कधी कधी झाड त्यातूनही परत येते.

इतकी मेहनत नको असेल तर अमेरिकेच्या आग्नेय भागातला बुटका सुई-पाम आहे. शून्याखाली वीस अंशांच्या आसपास टिकणारा, थंडी सोसण्यात बहुधा सगळ्यांत पुढे. दिसायला झुडूप. उंट आणि वाळवंट आठवून देणारे सौंदर्य त्यात नाही.

टिचिनोतला पाहुणा

आता या इतिहासाचा ताजा अध्याय. स्वित्झर्लंडच्या दक्षिणेला टिचिनो प्रांत आहे. तिथल्या सरोवरांच्या काठच्या बागांत एकोणिसाव्या शतकापासून चुसानचा पाम शोभेसाठी लावला गेला. बर्फाची शिखरे आणि पुढे पाम, हे चित्र पर्यटनाच्या पोस्टरांवर झळकले. लोक त्याला लाडाने ‘टिचिनो पाम’ म्हणू लागले. म्हणजे चीनच्या झाडाला स्विस रहिवासी दाखला मिळाला.

मग हिवाळे सौम्य होत गेले. पक्ष्यांनी फळे खाल्ली, बी जंगलात पडले आणि तिथली पिल्ले आता थंडीत मरेनाशी झाली. २००७ मध्ये याच पसाऱ्यावर शास्त्रज्ञांचा निबंध आला. या पामकडे ते हवामान बदलाची खूण म्हणून पाहत होते. सदाहरित पानांच्या दाट गर्दीखाली जंगलातल्या मूळ झाडांची रोपे दबतात, म्हणून १ सप्टेंबर २०२४ पासून स्वित्झर्लंडने या पामच्या विक्रीवर बंदी घातली. बागांत आधीच असलेली झाडे मात्र उपटायला लावलेली नाहीत.

ही बातमी वाचून आपल्यातल्या काहींना लगेच आपले दुखणे आठवेल. पिढ्यान्‌पिढ्या राहूनही बाहेरचा म्हणवून घेणे, जन्माचा, आजोबांचा, पणजोबांचा दाखला दाखवत राहणे. मलाही आठवले. पण मला ही तुलना ओढायची नाही. झाडावर घातलेली बंदी त्याच्या जन्मस्थानामुळे नाही, जंगलात ते काय करते यामुळे आहे. एल्चेचा खजूर बाहेरून आलेला असूनही वारसा ठरला. आणि झाडांच्या व्यापाराला कागदपत्रे लागतात ती उगीच नाहीत. आपल्या कोकणातला माड पोखरणारा सोंड्या भुंगा आयात झाडांबरोबर स्पेनमध्ये पोहोचला आणि आज एल्चेच्या बागेला तोच मोठा धोका आहे. युरोपात विकल्या जाणाऱ्या रोपाला ‘प्लँट पासपोर्ट’ लावतात तो अशा किडींसाठी. त्यात द्वेष नाही, सावधपणा आहे. माणसांना परके ठरवण्यासाठी कोणी या रोपांचे उदाहरण देत असेल तर त्याला झाडे कळलेली नाहीत, आणि आपणही उलट बाजूने तेच करू नये.

या इतिहासातून मी शिकलो ते वेगळे आहे. पहिले कोण आणले, या भांडणात हाती काही लागत नाही. रोमनांच्या काळातही खजूर होता आणि त्याला गोडी नव्हती. गोडी आली ती पाट खणणाऱ्यांमुळे, पाळ्या ठरवणाऱ्यांमुळे आणि ते सगळे शेतीच्या पुस्तकात उतरवणाऱ्यांमुळे. आपल्या मुलांना अंदलुसचा अभिमान शिकवायचा असेल तर ‘आम्ही पहिले झाड नेले’ हे सोडून ‘आम्ही पाणी वाटायची शिस्त बसवली’ हे शिकवावे. ते खरेही आहे आणि मोठेही.

आणि ओळख पटवायची तर पाटीवरून पटवू नये. थुनबर्गच्या ‘उंच’ नावाने बुटक्या झुडपाची दिशाभूल झाली, फॉर्च्यूनच्या नावाने चिनी शेतकरी झाकला गेला, ताकिलच्या नावाने बाजारात दुसरेच झाड विकले गेले. प्रत्येक वेळी घोळ सुटला तो कोणीतरी डोंगर चढून, खाली वाकून, देठ आणि बी हातात घेऊन पाहिले तेव्हा. माणसांच्या बाबतीत एवढी तरी तसदी घ्यायला हरकत नाही.